स्वर गाळून

छत्तीस वर्षं धोबी तलावाच्या लघुवाद न्यायालयात
मी लोकांचं बोलणं रेघांत उतरवलं.
लघुलिपीत, घाई असली की, स्वर लिहीत नाहीत.
वाद, वेद, वैद
तिघांची रेघ एकच.
कोण कुठला ते मागच्यापुढच्यावरून ओळखायचं.

निवृत्त बाई दिसली की लोक तिच्या हातात वही देतात.
म्हणून सोसायटीचं इतिवृत्त माझ्याकडे.

माझगाव. पंपाच्या खोलीबाहेरचा पॅसेज. रविवार, सव्वासहा.
विषय क्रमांक चार:
पहिल्या मजल्याच्या वळणावरचं देवघर.

प्रश्न इस्माईल तुंगेकरांच्या सुनेनं विचारला,
उभ्यानंच, किल्ल्या हातात धरून:
"अब्बांना न्यायला स्ट्रेचर आला, तो वळलाच नाही.
खुर्चीत बांधून उतरवलं त्यांना.
पुन्हा वेळ आली तर काय करायचं?"

एवढाच.

मग वकील विजयकरांनी चष्मा पुसला
आणि घटना काढली.
कलम पंचवीस. मग सव्वीस. मग परत पंचवीस.
कोचरेकर म्हणाले, देव आधी आला की घटना?
विजयकर म्हणाले, इमारतीचा नकाशा आधी आला.
कासारे म्हणाले, कोणी कुठल्या पायरीवर थांबायचं
हे आम्हाला नका शिकवू, आम्ही शिकून बसलोय.
कोणी भोंगा काढला, कोणी मंडप,
डायसबाईंना गल्लीच्या तोंडाचा क्रूस आठवला,
जो आजवर कोणाच्याच वाटेत आला नव्हता
आणि आता एकदम सगळ्यांच्या वाटेत आला.
साडेसात. चहावर साय धरली.
"तुम्ही मुद्द्याचं बोलत नाही"
हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलं,
पाच वेगवेगळ्या तोंडांचं.

माझ्याही जिभेवर होतं एक स्मृतिवचन
आणि त्याला छेद देणारा एक निवाडा.
गिळलं.
तो विजय माझ्या ओळखीचा आहे.
आईला अग्नी कोणी द्यायचा, यावरून
धाकट्या जनार्दनला मी स्मशानाच्या दारात निरुत्तर केलं होतं,
एकदा शास्त्रानं, एकदा कायद्यानं.
मुद्दा माझाच बरोबर होता.
नऊ भाऊबीजा झाल्या त्याला.
ओवाळणीच्या तबकात मी हल्ली लसूण ठेवते.

"वाचा बाई, काय काय ठरलं ते."

मी वाचलं, कोर्टात वाचायचे तसं,
चढ नाही, उतार नाही, हात नाहीत.
श्री. विजयकर: आपण अडाणी आहात.
श्री. कोचरेकर: आपण निरीश्वर आहात.
श्री. विजयकर: हे उत्तर नव्हे.
श्री. कोचरेकर: हा प्रश्न नव्हता.

स्वर गाळला की संताप उभा राहत नाही.
नुसती व्यंजनं उरतात पानावर, आळणी,
आणि स्वतःच रांधलेली खाताना माणूस जरा थबकतो.
मागे कोणीतरी फिसकन हसलं.
विजयकर नाही हसले.

मग मी पहिलं पान उलटलं.
सौ. तुंगेकर: पुन्हा वेळ आली तर काय करायचं?
उत्तर:
आणि पुढे मी एक आडवी रेघ मारून ठेवली होती,
तिथे थांबले.
पंप सुरू झाला. वर टाकीत पाणी चढताना ऐकू येत होतं.

ठराव झाला नाही.
जाताना कोचरेकर म्हणाले, तुम्ही शेवटी त्यांच्याच.
विजयकरही हेच म्हणाले,
त्यांचे "ते" वेगळे.

रात्री अकराला कडी घालत होते,
तेव्हा जिन्याच्या वळणावर आवाज झाला.
पोलादी टेप ओढल्याचा.
मग सटकन आत गेल्याचा.
मग पुन्हा, जरा तिरका ओढल्याचा.
दिवा कोणी लावला नव्हता,
देवाच्या निरांजनाचाच काय तो उजेड.
दार उघडून बघता आलं असतं.
बघितलं असतं, तर तो माणूस कोणत्या तरी बाजूचा झाला असता.

"साडेबावीस," कोणीतरी स्वतःशीच पुटपुटलं,
आवाज ओळखू येईल इतकं मोठ्यानं नाही.

वही उघडून
त्या आडव्या रेघेवर
मी पेन्सिलीनं तेवढं लिहून ठेवलं.